बचावपटूला वेळ द्या

तुम्ही नव्यानेच एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग, बघायला लागलात आणि एकोणीस वर्षांच्या बचावपटूवर दोन चुकांत फुली मारलीत, म्हणून कळकळीने लिहितोय. आघाडीच्या खेळाडूची चूक मागचे सावरून घेतात; बचावपटूच्या मागे मात्र फक्त गोलकीपर असतो. म्हणूनच ही जागा शिकायला खूप वेळ लागतो.

डेट्रॉइट संघाच्या मॉरिट्झ सायडरचंच बघा. 2019 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ तरुण खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या फेरीत सहाव्या क्रमांकावर निवडला, पण थेट मोठ्या संघात घातला नाही. आधी एक मोसम डेट्रॉइटच्या खालच्या संघाकडे ग्रँड रॅपिड्सला, मग स्वीडनमध्ये रोग्ले या क्लबकडे. 2021-22 मध्ये वर आला तो सगळे 82 सामने खेळला, 50 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेऊन गेला. मला विचाराल तर ती दोन वर्षं सोन्यासारखी होती.

आता बघायचं काय? गुण मोजू नका. पक (खेळातली रबरी चकती) कोपऱ्यात गेला की पोरगा तिकडे धावताना खांद्यावरून मागे बघतो का, ते बघा. एकदा नाही, दोनदा. ज्याने बघितलंय त्याला पास कुठे द्यायचा हे पक हाती येण्याआधीच ठाऊक असतं; ज्याने नाही, तो मैदानाभोवतीच्या फळीवर आपटला जातो. आणि उलटं स्केटिंग करताना समोरच्याला किती अंतर देतो, तेही पाहा. घाबरलेला पोरगा मागे मागे सरकत थेट गोलपाशी पोचतो.

त्याची जोडी कुणाबरोबर लावलीय, तेही बघत जा. शेजारी शांत डोक्याचा अनुभवी गडी असेल, तर निम्मं शिक्षण बर्फावरच होतं.