रोज मृत्यूचे कागद हाताळायची नोकरी मुलीने घ्यावी का?

संगमनेर तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "मुलगी बी.कॉम. झाली, वय २३. बँकेच्या क्लार्कची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत राहिली. आता ठाण्यात एका आयुर्विमा कंपनीच्या ग्रुप क्लेम विभागात नोकरी मिळते आहे. कंपन्या आपल्या कामगारांचा जो एकत्र विमा काढतात, त्यातले मृत्यूचे क्लेम तपासायचे. पगार वर्षाला ३ लाख. ती जायला तयार आहे. पण रोज उठून गेलेल्या माणसांचे कागद बघायचे, रडणाऱ्या बायकांचे फोन घ्यायचे, हे ती मनाला लावून घेईल अशी भीती वाटते. तिचे वडील साखर कारखान्यात फिटर आहेत. ते म्हणतात, यात शिकण्यासारखं काय आहे, कागद जुळले की पैसे पाठवायचे. सर, तुम्हीच सांगा."

ताई,

आधी उत्तर सांगतो. मुलीला जाऊ द्या. का, ते सांगताना थोडं घरातलं बोलावं लागेल.

२०१२ मध्ये माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. चाकणच्या एका कारखान्यात होता. तेराव्यानंतर वहिनी आणि मी ऑफिसात गेलो. तिथे पीएफचे फॉर्म दिले, राहिलेल्या पगाराचा चेक दिला आणि सांत्वन केलं. कंपनीने सगळ्या कामगारांचा ग्रुप विमा काढला होता, हे कोणी सांगितलंच नाही. मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही, पण सांगितलं नाही हे खरं. सात महिन्यांनी त्याच्या लाइनवरचा एक मित्र घरी आला आणि सहज म्हणाला, "विम्याचे मिळाले ना वहिनींना?" तेव्हा कळलं.

क्लेम टाकला तर नॉमिनी आई निघाली. भाऊ लग्नाआधी कामाला लागला होता, तेव्हा भरलेला फॉर्म तसाच राहिला होता. आई सही करायची, पण मुलगा गेल्यापासून तिचा हात कापायचा. क्लेम फॉर्मवरची सही बँकेतल्या सहीशी जुळेना आणि फॉर्म परत आला. मग विमा कंपनीच्या क्लेम डेस्कवरच्या एका मुलीचा फोन आला. शुद्ध, सावकाश मराठी. तिने सांगितलं, "आजींना परत सही करायला लावू नका. बँकेत घेऊन जा, मॅनेजरसमोर अंगठा द्या, मॅनेजरचा शिक्का आणि सही घ्या. आणि हे पाठवताना वारलेल्यांचं नाव दाखल्यावर आणि कंपनीच्या यादीत वेगवेगळं आहे, त्याचं प्रतिज्ञापत्रही आत्ताच जोडा, म्हणजे मला पुन्हा फोन करावा लागणार नाही." त्यानंतर एकही कागद परत आला नाही. आईने ते पैसे वहिनीच्या नावावर ठेवले. त्या मुलीचं नाव मला माहीत नाही, पण तिने काय केलं ते मी विसरलो नाही. तुमची मुलगी ज्या खुर्चीवर बसणार आहे, ती हीच खुर्ची.

आता यजमानांचा प्रश्न, की यात शिकण्यासारखं काय आहे. कागद जुळले की पैसे जातात हे बरोबर आहे. पण आपल्याकडे कागद जुळत नाहीत. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, नॉमिनी फॉर्मवर नुसतं "पत्नी". मृत्यूच्या दाखल्यावर गावातलं हाकेचं नाव. नॉमिनी अल्पवयीन मुलगा, आणि त्याच्या वतीने पैसे कोणी घ्यायचे ते लिहिलेलंच नाही. नॉमिनीच नसेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला. आपल्याकडे तो आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन या जुन्या कायद्याखाली मिळतो. यातला कुठला कागद खरोखर लागतो आणि कुठला नुसता सवयीने मागितला जातो, हे ज्याला कळतं त्याच्या हातून क्लेम पंधरवड्यात निघतो. नाही कळलं तर कुटुंब वर्षभर हेलपाटे घालतं.

नियमही आता त्या कुटुंबाच्या बाजूचे आहेत. २०२४ पासून, चौकशीची गरज नसलेला मृत्यूचा क्लेम १५ दिवसांत निकाली काढायचा, चौकशी लागली तर ४५ दिवसांत. कागद मागायचे तर शक्यतो एकदमच मागायचे, आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरा असं नाही. चाकणच्या आमच्या केसमध्ये त्या मुलीने हेच केलं, आणि तेही अशी मुदत लागू होण्याच्या कितीतरी आधी.

कागदांच्या पलीकडे पॉलिसीची भाषा आहे, आणि खरं शिक्षण तिथे आहे. ग्रुप विम्यात पॉलिसी कंपनीच्या नावावर असते, तिला मास्टर पॉलिसी म्हणतात. कामगार तिचा सदस्य. दर महिन्याला एचआर नव्या माणसांची आणि सोडून गेलेल्यांची यादी विमा कंपनीला पाठवतो. एखादा मुलगा ३ तारखेला रुजू झाला, १९ ला गेला आणि यादी महिनाअखेरीस जाणार होती. तो विम्यात आहे की नाही? उत्तर मास्टर पॉलिसीच्या एका कलमात असतं, आणि ते कलम दर कंपनीचं वेगळं असू शकतं. दुसरा माणूस विमा सुरू झाला त्या दिवशी आजारपणाच्या रजेवर होता. पॉलिसीत "त्या दिवशी कामावर हजर" अशी अट असेल तर हजेरीपट मागवावा लागतो. तिसरं उदाहरण फ्री कव्हर लिमिटचं. समजा वैद्यकीय तपासणीशिवाय ५० लाखांपर्यंतच विमा मिळतो, आणि एका मॅनेजरला पगाराच्या हिशेबाने ८० लाख लागू होतात. त्याला तपासणीची चिठ्ठी आली, पण तो गेलाच नाही. तो वारला तर घरच्यांना ५० लाखच मिळतात. वरचे ३० लाख का नाहीत, हे त्याच्या बायकोला समजावून सांगणं हे या विभागातलं अवघड काम, आणि ते कोणीतरी नीट करायला हवं.

नॉमिनीचा कायदाही तिला मुळापासून समजून घ्यायला लागेल. सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा हात, मालकी वारसांची. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्याचं ३९ वं कलम बदललं. आता आईवडील, नवरा, बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर लाभ त्यांचाच. पीएफचं गणित वेगळं आहे. तिथे कुटुंब नसताना कुणालाही नॉमिनी केलेलं असेल तर कुटुंब झाल्यावर ते नामनिर्देशन रद्दच ठरतं. एकच माणूस, एकच मृत्यू, पण दोन ठिकाणचे पैसे दोन वेगळ्या माणसांकडे जाऊ शकतात. मग सासू आणि सून दोघींचे फोन एकाच डेस्कवर येतात. तिथे कुणाची बाजू न घेता, दोघींशी नीट बोलून नियम सांगता येणं ही विद्याच आहे.

आता तुमची भीती. ती खरी आहे, आणि "सवय होते" असं म्हणून मी ती उडवून लावणार नाही. जे या कामातून बाहेर पडले त्यांच्याशी मी बोललो आहे. मृत्यूच्या कागदांपेक्षा त्यांना जास्त त्रास झाला तो दोन गोष्टींचा: नाही म्हणायचं पत्र लिहिण्याचा, आणि तरुण माणसाचा शवविच्छेदन अहवाल ओळीओळीने वाचण्याचा. तेव्हा रुजू होतानाच तिने विचारावं की फोनचं काम आणि कागदाचं काम आलटून पालटून मिळतं का, आणि क्लेम नाकारण्याची सही वरिष्ठाची असते ना. नवख्या मुलीवर ती जबाबदारी असू नये. घरी आल्यावर ती काही बोलली तर ऐका. त्यावर लगेच "सोड ती नोकरी" म्हणू नका, नाहीतर ती पुढच्या वेळी सांगणार नाही. तीन महिन्यांनंतरही झोप उडत असेल तर मात्र विभाग बदलून मागावा. विमा कंपनीत अशी मागणी करण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट पत्रात अर्धवट लिहून तुम्ही खोडली होती, तरी वाचता आली. स्थळं बघायला लागल्यावर लोक काय म्हणतील. ताई, विधवेच्या घरात पैसे पोहोचवण्याचं काम अशुभ कसं असेल? जे घर तसं मानतं, तिथे मुलगी दिली नाही तर बरंच.

पगार ३ लाख हा मोठा नाही. ठाण्यात खोलीचं भाडं आणि लोकल धरली तर पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल, हे तिच्याशी हिशेब मांडून बोला. पण वाढ कशातून होते ते ऐका. पोर्टलवर कागद चढवणं, तारखा जुळवणं ही कामं झपाट्याने यंत्राकडे चालली आहेत, आणि फक्त तेवढंच शिकलेला माणूस अडकतो. अडलेला, वादाचा क्लेम ज्याला सोडवता येतो त्याला पुढे वाटा आहेत: याच कंपनीत ग्रुप अंडररायटिंग, म्हणजे कुणाचा विमा कोणत्या अटींवर घ्यायचा ते ठरवणं, विमा ब्रोकरकडे कंपन्यांचे क्लेम सांभाळण्याचं काम, मोठ्या कारखान्याच्या एचआरमध्ये कर्मचारी लाभांचा विभाग, किंवा विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या पुनर्विमा कंपनीत क्लेम तपासणी. मला यातली एचआरची वाट विशेष मोलाची वाटते. माझ्या भावाच्या कारखान्यात तेव्हा विमा कळणारा एक माणूस असता तर आमचे सात महिने गेले नसते.

त्यासाठी पहिल्या दिवसापासून मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची लायसेन्शिएट ही पहिल्या पायरीची परीक्षा धरावी. ती बारावीनंतरही देता येते, नोकरी करत देता येते, आणि पुढे असोसिएट व फेलोशिप आहेत. मोठं शिक्षण हवं असेल तर पुण्यात बालेवाडीला राष्ट्रीय विमा अकादमी आहे, पण ते दोन वर्षांनी बघू. बँकेची परीक्षा तिसऱ्यांदा द्यायची असेल तर जरूर द्यावी. मात्र नोकरी न घेता घरी बसून देऊ नये. एलआयसीच्या अधिकारी भरतीचा अभ्यास आणि हे काम दोन्ही एकमेकांना धरून जातात, त्याकडेही लक्ष ठेवावं.

रुजू व्हायला अजून तीन आठवडे आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. तोवर तिला एक काम द्या. यजमान साखर कारखान्यात आहेत म्हणजे त्यांचा पीएफ असणार, आणि पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतोच. त्याचे पैसे कामगाराच्या पगारातून कापत नाहीत. कारखाना भरतो, अर्धा टक्का, तोही १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ७५ रुपये. त्यावर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. कारखान्याने त्याऐवजी ग्रुप पॉलिसी घेतलेली असेल तर तेही विचारून घ्या. मुलीला म्हणावं, बाबांचं यूएएन, म्हणजे पीएफचं ऑनलाइन खातं, उघड, ई-नॉमिनेशन, म्हणजे नॉमिनीची ऑनलाइन नोंद, झालंय का बघ, आईचं नाव आधारवर आहे तसंच तिथे आहे का अक्षर न अक्षर ताडून बघ, बाबांची जन्मतारीख दोन्हीकडे एकच आहे का बघ. दुरुस्ती निघाली तर अर्जाला कारखान्याच्या ऑफिसची मंजुरीही लागू शकते. गळीत हंगाम सुरू झाला की यजमान पाळीतून बाहेर निघणार नाहीत आणि ऑफिसातही कुणाला वेळ नसेल, म्हणून हे याच आठवड्यात करून घ्या.