मज्जासंस्थेतली मज्जा

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: वर्गातला मुलगा म्हणतो, 'आपल्याला मज्जा वाटते ती मज्जासंस्थेमुळे, म्हणून तिचं हे नाव.' त्याला काय सांगू?

ताई, आधी त्याला 'मजा' लिहायला शिकवा. बोलताना 'मोठा'चं 'मोठ्ठा' होतं तसं मजेचं मज्जा झालं तर होऊ द्या. पण स्नेहसंमेलनाच्या फलकावर 'धमाल मज्जा' रंगवलेलं दिसलं की माझं डोकं उठतं. मजा फारसीतून आली, तिथं तिचा मूळ अर्थ चव. मज्जा म्हणजे हाडातला मऊ गर, आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी सहावा. दोघींचा काडीचा संबंध नाही.

मज्जेचं खरं नातं 'मगज'शी आहे! 'काहून मगज खातं बे?' हे आपल्याकडे रोज कानावर पडतं. तो मगज फारसी, अर्थ मेंदू. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, 'मज्ग' होतं, फारसीत अक्षरांची अदलाबदल होऊन 'मग्ज' झालं. रशियनमध्ये 'मोज्ग', तोही मेंदूच. संस्कृतात मज्जन्, इंग्रजीत 'मॅरो'. सगळी एकाच आजीची नातवंडं. मगज हा मज्जेचा अपभ्रंश, असं ठासून सांगणारे भेटतात. साफ चूक. तो इराणात स्वतंत्र वाढलेला शब्द आहे.

आता नाव कसं पडलं, याबद्दल माझं मत. बाजाराच्या दिवशी बोकडाचा कणा फोडताना बघा. मणक्यांच्या पोकळीतून पांढरी, मऊ दोरी निघते, अगदी नळीतल्या गरासारखी. हाडात मऊ सापडलं ते मज्जा. म्हणून ती दोरी मज्जारज्जू आणि तिच्यावरून सगळी मज्जासंस्था. युरोपातले वैद्यही तिला कण्याची मज्जाच म्हणत. कामं मात्र निराळी: हाडातली मज्जा रक्तपेशी घडवते, ही दोरी निरोप पोचवते. मोठ्या माणसात ती साधारण ४५ सेंटिमीटर भरते. पऱ्हाटीचं खुंट पायात घुसलं की पाय उचलायचा हुकूम तीच देते. दुखल्याची खबर मेंदूला मागाहून लागते. माणसाच्या वागण्यातला एवढा भाग कण्यातच उरकतो.

म्हणूनच मज्जासंस्थेसाठी पाठ्यपुस्तकात आलेला 'चेतासंस्था' हा शब्द मला फिका वाटतो. चेता म्हटल्यावर डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही, मज्जारज्जू म्हटलं की कणा दिसतो. परिभाषावाले म्हणतात, मज्जा शब्दानं मुलांचा घोटाळा होतो. तो घोटाळा फलक रंगवणाऱ्यांनी केला आहे. त्यासाठी चांगला शब्द कशाला मोडीत काढायचा?

आणि हो, मजा वाटते ती मेंदूतच, तेवढं त्या मुलाचं बरोबर आहे.