बोट चुकली, की चुकवली गेली?

‘टु मिस द बोट’ म्हणजे वेळेवर हालचाल न केल्यामुळे संधी हातची घालवणे. या इंग्रजी वाक्प्रचाराबद्दल या वेळी एवढी पत्रे आली की बाकीचे विषय मागे ठेवून त्यांनाच उत्तरे देत आहे. समुद्र आपल्या विदर्भापासून शेकडो किलोमीटर दूर असताना पत्रलेखकांना बोटीची एवढी काळजी वाटावी, याची प्रथम गंमत वाटली. पण पत्रे वाचताना लक्षात आले की या तीन शब्दांत व्याकरणापेक्षा न्यायनिवाड्याचाच भाग अधिक आहे.

प्रश्न : शेजारचे दोन एकर शेत विकायला निघाले तेव्हा वडिलांनी ते घेतले नाही, हे सांगण्यासाठी मी निबंधात ‘माय फादर मिस्ड अ बोट टु बाय द लँड’ असे लिहिले. सरांनी खाली लाल रेघ ओढली, पण कारण सांगितले नाही. (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, दारव्हा तालुका)

उत्तर : रेघ योग्य आहे आणि ती दोन ठिकाणी हवी होती. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांच्यासारखी उपपदे नसल्यामुळे आपण ती मिठासारखी अंदाजाने टाकतो. परंतु या वाक्प्रचारात ‘द’ काढला की अर्थच बदलतो. ‘अ बोट’ म्हटले की अनेक बोटींपैकी एखादी बोट, म्हणजे आपले वडील खरोखरच कुठल्यातरी धक्क्यावर उशिरा पोचले आणि नावाडी निघून गेला, असे इंग्रजी वाचकाला वाटेल. ‘हिज बोट’ लिहिले तरी तेच होईल. ‘द बोट’ म्हणजे ती एकच, जिची वेळ ठरलेली होती आणि जी आता परत येणार नाही.

दुसरी चूक ‘टु बाय’ची आहे. ‘चान्स’ या शब्दापुढे ‘टु बाय’ चालते, म्हणून ते येथेही चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ‘मिस द बोट’पुढे ‘ऑन’ आणि त्यानंतर नाम किंवा ‘-इंग’ लागलेले क्रियापद येते. म्हणून ‘माय फादर मिस्ड द बोट ऑन बायिंग दॅट लँड’ असे लिहावे. कर्ता नेहमी माणूस किंवा संस्था असावी, कारण संधी स्वतः बोट चुकवत नाही. ‘द बोट वॉज मिस्ड’ असा कर्मणी प्रयोग केल्यास वाक्प्रचार मोडतो आणि हातात नुसती होडी उरते. काळ मात्र आपण मोकळेपणाने बदलू शकता. आपल्या वाक्यासंबंधी आणखी एक शंका माझ्या मनात आहे, ती शेवटच्या उत्तरात मांडतो.

प्रश्न : डिसेंबरात कापूस विकला नाही आणि जानेवारीत भाव उतरले. जिनिंगच्या खरेदीदाराला मी ईमेलमध्ये ‘वुई हॅव मिस्ड द बोट’ असे कळवले. हे बरोबर आहे का? (कापूस व्यापारी, हिंगणघाट)

उत्तर : व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे, व्यवहाराच्या दृष्टीने घाईचे आहे. कापूस अजून आपल्या घरात आहे आणि भाव पुन्हा चढू शकतो. म्हणजे बोट धक्क्यालाच बांधलेली आहे, फक्त तिचे भाडे बदलले आहे. खरेदीदाराने ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक भाव देऊ केला असता आणि ती तारीख उलटली असती, तरच हे वाक्य शोभले असते. शिवाय आपली संधी गेली असे स्वतःच कळवून आपण घासाघिशीतले बळ समोरच्याच्या हाती दिले आहे, हे भाषेचा शिक्षक म्हणून नव्हे, तर शेतकऱ्याचा मुलगा म्हणून सांगतो.

हा वाक्प्रचार बोलीच्या जवळचा आहे. परिचिताला लिहिलेल्या ईमेलमध्ये तो खपतो; निविदेत किंवा बँकेच्या अर्जात ‘फेल्ड टु अप्लाय इन टाइम’ असे साधे लिहावे. समोरच्याला ‘यू मिस्ड द बोट’ म्हटले तर तो टोमणा ठरतो.

प्रश्न : अमेरिकन लेखात ‘द क्रिटिक्स मिस्ड द बोट’ असे वाचले. तेथे संधीचा काहीच संबंध दिसला नाही. (ग्रंथपाल, कारंजा)

उत्तर : अमेरिकन वापरात ‘मुद्दाच न समजणे’ असाही अर्थ आहे. आपण लिहिताना तो टाळावा, कारण आपल्याकडच्या वाचकाला पहिलाच अर्थ आठवतो.

प्रश्न : ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण ‘मिस द बोट’साठी वापरावी का, की सरळ ‘बोट चुकली’ लिहावे? (सेवानिवृत्त शिक्षक, मेहकर)

उत्तर : गुरुजी, दोन्ही नकोत. या म्हणीतला ‘झोपा’ म्हणजे झोप नव्हे, तर कोठ्याचे (गोठ्याचे) कुडाचे दार, हे आपणांस सांगायला नको. पण शहरी मुलांना ‘बैल गेल्यावर मालक झोपला’ असा अर्थ लावताना मी स्वतः ऐकले आहे. बैल गेल्यावर दार बसवले, म्हणजे नुकसान झाल्यानंतर निरुपयोगी बंदोबस्त केला. इंग्रजीत याची सख्खी बहीण आहे ती घोडा पळाल्यावर तबेल्याचे दार लावण्याची म्हण. ‘वरातीमागून घोडे’ यातही घोडे उशिरा का होईना, येतात. ‘मिस द बोट’मध्ये मात्र माणूस नंतर काहीच करत नाही, तो काठावर उभा राहून दूर जाणाऱ्या बोटीकडे बघतो.

त्यामुळे ‘संधी हुकली’ किंवा ‘गाडी सुटली’ हेच जवळचे पर्याय आहेत. त्यातही ‘हुकली’ म्हटले की दोष कोणाचा हे उघडे राहते, ‘दवडली’ म्हटले की तो माणसाच्या पदरात पडतो, आणि इंग्रजी वाक्प्रचार या दोहोंमध्ये, पण ‘दवडली’कडे थोडा झुकून उभा आहे. शेतीवरच्या लेखात मी ‘वापसा निघून गेला’ असे लिहीन. पेरणीजोगी ओल जमिनीत ठरावीक दिवसच टिकते, हे आपल्या वाचकाला बोटीपेक्षा लवकर कळते.

प्रश्न : ‘मिस द बस’ आणि ‘दॅट शिप हॅज सेल्ड’ यांचा अर्थ तोच का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, आरमोरी)

उत्तर : ‘मिस द बस’ हे ब्रिटिश वळणाचे जुळे भावंड आहे. ते गाजले ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्यामुळे. ४ एप्रिल १९४० रोजी त्यांनी आपल्या पक्षाच्या सभेत हिटलरची बस चुकली असे ठासून सांगितले. ९ एप्रिलला जर्मन फौजा डेन्मार्क आणि नॉर्वेत उतरल्या आणि १० मे रोजी चेंबरलेन यांनाच राजीनामा द्यावा लागला. मधल्या काळात संसदेत हेच शब्द त्यांच्या अंगावर फेकले गेले. दुसऱ्याची बस चुकली असे जाहीर करण्यापूर्वी रस्त्याकडे एकदा पाहून घ्यावे, हे विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

‘दॅट शिप हॅज सेल्ड’मध्ये कर्ता जहाज आहे, माणूस नाही. म्हणून त्यात दोषापेक्षा समाप्ती अधिक असते: आता त्याची चर्चा नको, एवढाच भाव. आपण वैनगंगेकाठचे आहात. आपला डोंगा माणसे भरेपर्यंत थांबतो आणि पलीकडे जाऊन परतही येतो; तो डोळ्यांसमोर ठेवाल तर दोन्ही वाक्प्रचार चुकतील. मुक्कामी एसटी सकाळी गावातून सुटते तेव्हा मागे राहिलेला माणूस डोळ्यांसमोर आणावा.

प्रश्न : मी एका प्रकल्पाच्या इंग्रजी अहवालात ‘मेनी फार्मर्स मिस्ड द बोट ऑन क्रॉप इन्शुरन्स क्लेम्स’ असे लिहिले. एक शेतकरी ते वाक्य समजावून घेतल्यावर रागावला. माझे काय चुकले? (प्रकल्प सहायक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : त्याचा राग हीच आपल्या वाक्याची उत्तम समीक्षा आहे. त्या हंगामातील नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती, असे आपण पत्रात लिहिले आहे. आणि त्या तीन दिवसांत गावात वीज नव्हती, सेवा केंद्राचा सर्व्हर बंद होता, हेही आपणच लिहिले आहे. ‘मिस द बोट’ म्हणजे बोट होती, ती सर्वांसाठी उघडी होती आणि हा माणूस रेंगाळला. येथे तर शेतकरी वेळेवर धक्क्यावर आला होता, फळीच टाकलेली नव्हती. अशा वेळी ‘वेअर अनएबल टु फाइल क्लेम्स’ असे लिहून पुढे कारण द्यावे. अहवालावरून पुढचे निर्णय होतात. एका सोप्या वाक्प्रचाराने यंत्रणेचा दोष शेतकऱ्याच्या आळसात जमा होतो आणि तो कागदावर तसाच राहतो.

दारव्ह्याच्या विद्यार्थिनीने आपले वाक्य याच कसोटीवर पाहावे. वडील विचार करत बसले आणि शेत दुसऱ्याने घेतले, तर वर दुरुस्त करून दिलेले वाक्य ठेवावे. त्या वर्षी घरात पैसेच नव्हते, तर मात्र ‘माय फादर कुड नॉट अफोर्ड दॅट लँड’ असे लिहावे.