“माझा मुलगा मला परका झालाय”

“पाहुण्यांशी बोलावं तसं बोलतो तो माझ्याशी. बाहेर जायचं तर मावशीला विचारतो, लागलं-खुपलं तरी मावशीकडेच जातो. मी त्याची आई राहिलेच नाही का?”

चार वर्षांची शिक्षा भोगून आलेल्या एका आईचा हा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ती आत गेली तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. तिच्या थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं. “आई कामासाठी लांब गेलीय,” एवढंच त्याला सांगितलं होतं. खरं काय ते त्याला शाळेत कुणीतरी चिडवताना कळलं. घरी मात्र तो चकार शब्द बोलला नाही.

तुरुंगातून सुटलेल्या बायका समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा शब्द वेगळे असतात, भीती हीच असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

१९५० च्या आसपास जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश मनोविश्लेषकांनी रुग्णालयात आईविना राहणाऱ्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. आधी आकांत, मग खिन्नता आणि शेवटी अलिप्तपणा, असा क्रम त्यांना दिसला. या शेवटच्या टप्प्यातलं मूल शांत, शहाणं दिसतं. मोठ्यांना वाटतं, रुळलं बाई एकदाचं. मग आई परत येते आणि ते तिच्याकडे पाठ फिरवतं. ती मुलं या मुलापेक्षा खूपच लहान होती, दुरावाही इतका मोठा नव्हता. तरी मी तिला हे सांगितलं, कारण त्या पाठ फिरवण्यात दुखावलेपण असतं आणि ती त्याचा अर्थ ‘मी नकोशी झाले’ असा लावत होती.

तिला लगेच वेगळं घर करायचं होतं, फक्त ती आणि मुलगा. मी स्पष्ट विरोध केला. एकदा आई गेलेली त्याने सोसलंय. आता मावशीही काढून घेतली, तर तेच दुःख दुसऱ्यांदा, आणि या वेळी ते देणारी आईच. मावशीलाही मी बोलावून घेतलं. मूल आता हातचं जाणार म्हणून तीही रात्ररात्र जागत होती, हे बहिणींनी एकमेकींना सांगितलंच नव्हतं.

सगळ्यात अवघड होतं ते खरं बोलणं. ती बोलायला लागली की रडू कोसळायचं, आणि मग समजूत काढायची वेळ मुलावर आली असती. म्हणून आम्ही माझ्यासमोरच पुन्हा पुन्हा सराव केला. अखेर ती त्याला म्हणाली, “मी कायदा मोडला होता. त्याची शिक्षा म्हणून तुरुंगात होते. यात तुझा काहीच दोष नव्हता. आम्ही तुझ्याशी खोटं बोललो, ते चुकलं.”

तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

त्यानंतर मुलगा बिथरला. दारं आपटणं, उलट बोलणं, “तू मला सांगू नकोस, तू नव्हतीसच इथे.” ती हादरून माझ्याकडे आली. मला मात्र हायसं वाटलं. पाहुण्यावर कुणी असं चिडत नाही. अपराधीपणापोटी ती त्याला काहीच बोलत नव्हती. झोपायची वेळ, अभ्यास, एवढे नियम तरी सोडू नकोस, असं मी सांगितलं. “पुन्हा जाशील?” असंही तो विचारायचा. त्यावर शपथा घ्यायच्या नाहीत. कुठेही गेले तरी तुला आधी सांगून जाईन, इतकंच म्हणायचं, असं आमचं ठरलं.

एक गोष्ट मनाला लागून राहते. त्या चार वर्षांत त्याला भेटीला नेलंच नव्हतं. त्याने तुरुंग बघू नये, ही त्यामागची माया मला कळते. पण आईवडिलांपासून दूर असलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारानेच दिला आहे. संयुक्त राष्ट्रांचेच महिला कैद्यांसाठीचे २०१० चे बँकॉक नियम तर भेटीत आई आणि मुलाला मोकळेपणाने जवळ येता यावं, असं सांगतात. कुणाची आई आज आत असेल, तर भेट, पत्र, फोन, जे शक्य असेल ते चालू ठेवा.

हा मुलगा आता आईशी भांडतो, शाळेतलं सांगतो, आणि वहीवर सही मात्र अजून मावशीचीच घेतो. ते आईला टोचतं. ती ते मला सांगते, त्याला नाही.

तुमच्याकडेही अशी चिडचिड चालू असेल तर तिला वेळ द्या. पण मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, शाळा टाळत असेल, किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर वाट न पाहता मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. इजेचं बोललं तर त्याच दिवशी.