उत्क्रांती पटली म्हणजे देव सोडायचा का?

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्याकडे रोजची पूजा, एकादशी सगळं असतं आणि मी ते मनापासून करते. मुलगी अकरावी सायन्सला आहे, परवा म्हणाली, आई, उत्क्रांती खरी तर देव खोटा, दोन्हीतलं एकच धर. तिचे बाबा म्हणाले, अगं आपल्या दशावतारात उत्क्रांतीच तर सांगितलीय. मला दोघांचंही पटलं नाही पण काय बोलावं तेही सुचेना.
– एक आई, सांगली

उत्तर: आधी बाबांचं घेऊया. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम बघून तसं वाटतं खरं, पण उत्क्रांती काही शिडी नाही, फांद्या फुटत जाणारं झाड आहे, आणि कासवापासून डुक्कर झालेलं नाही. शिवाय अवतार सगळे एकाच विष्णूचे, भक्तांसाठी घेतलेले. ती भक्तीची गोष्ट आहे, तिला बायॉलॉजीचं सर्टिफिकेट कशाला हवं? मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं.

मुलीचं अर्धं बरोबर आहे. उत्क्रांती खरीच आहे. आपल्याला लिंबू-आवळा खावा लागतो कारण क जीवनसत्त्व बनवणारं आपलं एक जनुक बिघडलेलं आहे, आणि चिंपांझीचंही तेच जनुक बिघडलेलं आहे, कारण तो बिघाड दोघांच्या समाईक पूर्वजाकडून आलाय. देवाने माणूस वेगळा, आहे तसाच घडवला असं धरून बसलात तर मात्र हे जमणार नाही, तेवढं सोडावंच लागेल.

पण म्हणून देवच खोटा? हे तर डार्विनही म्हणाला नाही. 1879 मध्ये त्याने एका पत्रात लिहिलं की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतीवादी दोन्ही असू शकतो, आणि उदाहरण दिलं एसा ग्रे यांचं. हे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ, श्रद्धाळू ख्रिश्चन, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू सगळ्यात जोरात मांडली ती यांनीच. नंतरचे जीवशास्त्रज्ञ थिओडोसियस डोबझान्स्की घ्या, उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही असं 1973 मध्ये ठणकावून लिहिणारा माणूस, आणि त्याच लेखात आपण देव मानतो हेही लिहितो.

खरी अडचण माझ्या मते वेगळीच आहे आणि ती डार्विनने 1860 मध्ये ग्रे यांनाच लिहून कळवली होती. काही गांधीलमाशांसारखे कीटक जिवंत अळीत अंडी घालतात, पिल्लं तिला आतून खात खात वाढतात, दयाळू देवाने हे मुद्दाम घडवलं असेल हे मला पटत नाही, असं तो म्हणतो. पुढे तो स्वतःला अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हणवू लागला. माकड-माणूस वगैरे सोपं आहे हो, पण इतकी वर्षं इतके जीव तडफडून मेले तेव्हा आपण इथवर आलो, मग करुणा कुठे होती? यावर मला आजवर उत्तर सापडलेलं नाही, तरी मी रोज संध्याकाळी दिवा लावते आणि लावताना हा प्रश्नही मनात असतो. लेकीशी बोलायला बसाल तेव्हा इथूनच सुरुवात करा.