तुळशीला शिकवलेली भूमिती

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी मी तुमच्याकडे आलो तेव्हा तू गॅलरीत तुळशीच्या कुंडीला भूमिती शिकवत होतास आणि माझी चाहूल लागताच वही मिटून गप्प झालास. तो संकोच जावा, एवढ्यासाठीच हे पत्र.

‘तिन्ही बाजू जुळल्या, म्हणून बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप, कारण…’ असे म्हणून तू थांबलास, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस आणि पुन्हा त्याच ‘कारण’पाशी अडलास. मनात वाचताना ते ‘कारण’ डोळ्यांखालून निसटते. मोठ्याने समजावून सांगताना मात्र जीभ तिथेच अडखळते आणि नेमके काय कळलेले नाही, ते आपल्याच कानांना ऐकू येते. घोकताना जीभ अडखळत नाही, हाच घोकंपट्टीचा दोष.

मुले स्वतःशी मोठ्याने बोलतात, त्याचा अभ्यास रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी केला. काम अवघड झाले की हे बोलणे वाढते आणि पुढे तेच आत वळून विचार बनते, असे त्यांनी १९३४ साली निघालेल्या ग्रंथात मांडले. अवघड गणित पुढे आले की मीही अजून पुटपुटतो. त्यावरून घरात चेष्टा होते, ती होऊ द्यावी.

तुझ्या ‘कारण’साठी काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घे. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी कितीतरी वर्षे असल्याच सामानातून मुलांना विज्ञान दाखवले. गुल खरवडलेल्या काड्या ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून आधी चौरस कर. कोपरा दाबण्यापूर्वी काय होईल ते मोठ्याने सांग, मग दाब. चौरस कलून समभुज चौकोन होईल. बाजू त्याच, कोन मात्र बदललेले. आता त्रिकोण करून दाब. काडी एखादे वेळी मोडेल, पण कोन हलणार नाही, कारण तीन बाजू ठरल्या की कोनांना बदलायला जागाच उरत नाही. हे वाक्य माझे म्हणून पाठ करू नकोस. काड्या हातात धरून तुझ्या शब्दांत तुळशीला सांग.

टेबलावर सपाट ठेवलेला षटकोन हलायचा थांबावा म्हणून आत कमीत कमी किती काड्या घालाव्या लागतात, ते पुढच्या रविवारी मला सांग. काडेपेटीतल्या काड्या आत पुरणार नाहीत, तेव्हा खराट्याचे हीर कापून घे, आईला विचारून.