वाचकांचे प्रश्न : डबीवर 'एएमपीके' लिहिलंय, घेऊ का?

प्रश्न : सर, माझं वय 58. बरीच वर्षं मधुमेह आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड चालू आहे. भाच्याने दारुहळदीच्या अर्काच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवून दिल्यात. डबीवर 'एएमपीके सक्रिय करते' असं छापलंय. तो म्हणतो, स्कॉटलंडच्या एका शास्त्रज्ञाने हे एन्झाइम शोधलं, मेटफॉर्मिन तरी वेगळं काय करतं? मावशी, ती गोळी सोड आणि ही घे. घेऊ का? शिवाय हल्ली तळपायांना मुंग्या येतात.
– एक भगिनी, संगमनेर

उत्तर : गोळी सोडू नका. आधी एवढं करा, मग पुढचं वाचा.

मी जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवलं, औषधं लिहून देणं माझं काम नाही. पण त्या डबीवरच्या शब्दावर बोलायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

भाचा ज्यांच्याबद्दल बोलतोय ते डंडी विद्यापीठातले ग्रॅहम हार्डी. गंमत म्हणजे त्यांचं सुरुवातीचं काम मधुमेहावर नव्हतंच. शरीर चरबी कशी बनवतं, हा त्यांचा विषय. चरबी बनवणारं एक एन्झाइम आणि कोलेस्टेरॉल बनवणारं दुसरं, या दोघांना थोपवणारी एन्झाइमं वेगवेगळी असावीत असा समज होता. 1987 मध्ये हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतावर काम करून दाखवलं की दोन्हीकडे हात एकाचाच आहे. तेच पुढे एएमपीके म्हणून ओळखलं गेलं. पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं ऊर्जेचं चलन, खर्च होऊन एएमपी, म्हणजे त्या खर्चातून उरणारी चिल्लर, वाढलं की ते जागं होतं आणि घरातली शहाणी बाई महिनाअखेरीस करते तेच करतं : नवी खरेदी बंद, साठवलेलं आधी काढा. चरबी बनणं थांबतं, जळणं वाढतं.

मेटफॉर्मिनशी त्याची गाठ 2001 मध्ये पडली. मेटफॉर्मिनमुळे यकृताच्या पेशींत एएमपीके सक्रिय होतं, असा शोधनिबंध अमेरिकेतून आला आणि सगळ्यांना वाटलं, कोडं सुटलं. भाच्याचं ज्ञान इथवर आहे. पण 2010 मध्ये फ्रान्समधल्या गटाने यकृतात एएमपीके नसलेले उंदीर तयार केले. त्यांना मेटफॉर्मिन दिलं, तरी साखर उतरलीच! म्हणजे हे औषध निदान यकृतात तरी एएमपीकेवाचून काम करू शकतं. मेटफॉर्मिन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांच्या, म्हणजे पेशीच्या वीजघरांच्या, ऊर्जानिर्मितीत अडथळा आणतं, त्यामुळे एएमपी वाढतं आणि एएमपीके जागं होतं. दारुहळदीतलं बर्बेरिनही जवळपास त्याच जागी बोट घालतं. म्हणून 'एएमपीके सक्रिय होतं' हे छापणं खोटं नाही, पण त्यातून तुमच्या साखरेचं काय होणार ते कळत नाही.

आणि हे एन्झाइम जितकं जागं तितकं बरं, असंही नाही. मर्क या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एएमपीके थेट सक्रिय करणारं एक रसायन बनवलं. 2017 मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलं की उंदरांत आणि माकडांत साखर छान उतरली, पण हृदयाचा स्नायू जाड झाला. डबीवर हे कोण छापणार?

तुमच्या बाबतीत माझी खरी काळजी ग्लिमेपिराइडची आहे. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यावर साखर उतरवणारा आणखी एक पदार्थ, तोही डॉक्टरांना न सांगता, म्हणजे अकरा वाजता घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी. शिवाय यकृतात औषधं पचवणाऱ्या काही एन्झाइमांना बर्बेरिन रोखतं, त्यामुळे दुसऱ्या एखाद्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीही सांगा. डबी पिशवीत टाकून डॉक्टरांकडे न्या, लेबल त्यांना वाचू द्या.

एएमपीके जागं करायचंच असेल तर चाला. पट्ट्यावर पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत ते वाढतं, हे हार्डी आणि विल्यम विंडर यांनी 1996 मध्येच दाखवलं होतं. चालताना पायाचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. त्याचं सगळं श्रेय एएमपीकेला देता येत नाही, इतरही यंत्रणा कामाला लागतात. पण साखर ओढली जाते, आणि आपल्याला तेच हवंय ना?

मुंग्यांचं. मधुमेहात नसा दुखावतात, हे एक कारण. दुसरं बहुतेकांच्या लक्षात येत नाही : वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने बी-12 कमी होऊ शकतं आणि त्यानेही अशाच मुंग्या येतात. शाकाहारी असाल तर शक्यता जास्त. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा क्रिएटिनिनसोबत बी-12 ही तपासायला सांगा. मेटफॉर्मिन किती द्यायचं ते मूत्रपिंडाकडे बघून ठरतं, म्हणून क्रिएटिनिन.